ओटीवरचे प्रश्न आणि माजघरातले प्रश्न

घरी आलेल्या माणसाशी कोणत्या क्रमाने बोलावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. आधी पाणी, मग प्रवास कसा झाला, मग मुलेबाळे, पाऊसपाणी. आणि बोलणे रंगल्यावरच जमिनीचा वाद किंवा मुलीचे स्थळ. ओटीवर पाय ठेवताच ‘तुमच्यावर कर्ज किती?’ असे जो गृहस्थ विचारील त्याला चहा मिळेल, खरे उत्तर मिळणार नाही. ओटीवरचे प्रश्न निराळे, माजघरातले निराळे आणि चुलीपाशी विचारायचे आणखी निराळे, हा भेद आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

सरकारे आणि विद्वान लोकांच्या दारी प्रश्न घेऊन जातात तेव्हा त्यांनाही हा भेद करावाच लागतो. शंभर प्रश्न एकामागून एक विचारले तर विचारणारा थकतो आणि सांगणारा वैतागतो. म्हणून प्रश्नांचे विभाग पाडायचे. घराचे एका ठिकाणी, माणसांचे दुसरीकडे, जमिनीचे, कामाचे, आजारपणाचे असेच आपापल्या जागी. आज हे काम संगणकावर होते. पण कोणता प्रश्न कोणत्या विभागात घालायचा आणि कोणता विभाग कुणासाठी उघडायचा, हा निर्णय जुनाच आहे, आणि त्यावर किती माणसे सरकारच्या नजरेला पडतात व किती पडत नाहीत हे ठरते. आपल्या भाषेतला ‘खानेसुमारी’ हा जुना शब्द या दृष्टीने मोठा मार्मिक आहे. फारसीतला ‘खाना’ म्हणजे घर. तोच ‘खाना’ आपण कपाटाच्या कप्प्यालाही म्हणतो. घरे मोजायची तर आधी कप्पे करावे लागतात, असे जणू तो शब्दच सांगतो.

वसई-विरारचा किनारा हा इतिहास पाहायला फार सोयीचा आहे, कारण प्रश्न विचारणारे येथे एकामागून एक आले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमाव बोतेल्यु या त्यांच्या महसुली अधिकाऱ्याने पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील मुलखाची एक मोठी नोंद सिद्ध केली. तिला ‘तोंबो’ म्हणतात. तीत वसईच्या मुलखाचाही भाग आहे. गाव कोणते, त्याचे उत्पन्न किती, जकात कशावर, अशी तिची मांडणी. राज्य नवे होते आणि त्याला वसूल हवा होता. त्यामुळे नोंदीचे विभागही वसुलीच्या वाटेने पडले. गावात माणसे किती, ती काय खातात, कोण आजारी पडते, यासाठी त्या दप्तरात खण नव्हता. ज्याला जे हवे असते त्याचाच तो कप्पा करतो, हा या इतिहासातला पहिला धडा.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पुढे इंग्रज आले. इंग्रजांची जिज्ञासा वसुलीच्या पलीकडे गेली, पण तिलाही शिस्तीचे भारी वेड. जेम्स कॅम्बेल या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादन केले. ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ मध्ये निघाले. तेव्हा वसई तालुका ठाण्यातच होता. प्रत्येक जिल्ह्यासाठी प्रकरणांचा क्रम साधारण एकच ठरवलेला: प्रथम भूवर्णन, मग उत्पादन, लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य, आणि शेवटी गावोगावची माहिती. हा क्रम ठरलेला असल्यामुळेच आज कुणालाही ठाण्याची शेती रत्नागिरीच्या शेतीशेजारी ठेवून पाहता येते. विभागणीचा हा फार मोठा गुण आहे. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले एकमेकांशी जुळते. तोटाही त्यातच आहे. अर्नाळ्याच्या कोळिणीचे मासे ‘उत्पादना’त मोडतात, तिची जात ‘लोकसंख्ये’त, तिची टोपली ‘व्यापारा’त, पण सकाळी किनाऱ्यावर मासळी घेऊन दुपारपर्यंत ती विकून येणारी सबंध बाई कोणत्याच प्रकरणात उभी राहत नाही.

तुकडे करावेत आणि ते पुन्हा जोडूनही पाहावेत, ही दृष्टी आपल्या महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दाखवली ती एका शेतकी शास्त्रज्ञाने. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच जमीन आणि मजुरी असे दोन शब्द आहेत. गावाची जमीन, तिचे तुकडे, पिके, गुरे, माणसे, कर्ज असे सगळे विभाग त्यांनी केले आणि मग घराघराचा हिशेब मांडताना ते एकमेकांवर ठेवून पाहिले. हाती आलेले आकडे आजही वाचताना थांबायला लावतात. १०३ कुटुंबांपैकी केवळ स्वतःच्या जमिनीवर नीट भागणारी ८. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्याने तरणारी २८. आणि दोन्ही धरूनही न भागणारी ६७. जमिनीचा विभाग एकटा वाचला असता तर त्या २८ घरांची तगून राहण्याची युक्ती दिसलीच नसती. मजुरीचा विभाग एकटा वाचला असता तर ती मजुरी का करावी लागते हे कळले नसते. पुढे १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचीही अशीच पाहणी प्रसिद्ध केली.

या कामाला संस्थेचे बळ मिळाले ते पुण्यात. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. फळाभाजीचा बाजार, मोटार वाहतूक, वाई तालुक्यातली शेती आणि प्रत्यक्ष पुणे शहर, अशा पाहण्या तेथून निघाल्या. नी. वि. सोवनी यांची कोल्हापूर शहराची पाहणी तर विभागणीचा वस्तुपाठ म्हणावी अशी आहे. तिचे तीन खंड झाले: पहिला लोकसंख्या व जननमान यांचा, दुसरा उद्योग, व्यापार व कामगार यांचा, तिसरा कौटुंबिक राहणी व सामाजिक जीवन यांचा. वाचकाला शहरात नेण्याचा हा क्रमही पाहण्याजोगा आहे. आधी माणसे किती, मग ती कमावतात कशी, आणि शेवटी ती राहतात कशी. ओटीवरून माजघरात जावे तशीच ही वाट आहे.

स्वातंत्र्यानंतर सबंध देशाचीच पाहणी करायची वेळ आली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष, आणि गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत १,८३३ खेडी होती. भाषा अनेक, अन्वेषक शेकडो, आणि माहिती मात्र एका साच्यात यायला हवी. यासाठी पाहणीच्या अनुसूचीचे क्रमांक दिलेले ‘ब्लॉक’ पाडण्याची पद्धत रूढ झाली. आरंभी ओळखीचा भाग: राज्य, जिल्हा, गाव, घराचा क्रमांक. मग कुटुंबाची सर्वसाधारण माहिती, मग एकेका माणसाची ओळ, आणि त्यानंतर खर्च, रोजगार किंवा कर्ज असा त्या त्या फेरीचा मुख्य विषय. शेवटी एक साधा कप्पा: अन्वेषकाचा शेरा. या शेवटच्या कप्प्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

विभागणीचे हे तत्त्व कागदोपत्री कुटुंबांना परके नाही. सातबाराचा उतारा आपण सर्वांनीच हाताळलेला असतो. गाव नमुना सात हा जमिनीवरील हक्काचा, आणि बारा हा पिकांचा. दोन निरनिराळी दप्तरे एका कागदावर आणून बसवली म्हणून ‘सातबारा’ हे नाव. वरच्या भागात जमीन कुणाची ते कळते, खालच्या भागात तीत काय पिकले ते कळते. पीक कुणाच्या हातांनी उभे राहिले, हे मात्र वरही नाही आणि खालीही नाही. विरारच्या पश्चिमेला आगाशीकडच्या वाड्यांतून हिंडणाऱ्याला हे हात कुणाचे ते सांगावे लागत नाही. भाजी खुडणारी, फुले तोडणारी, ओझे डोक्यावर घेणारी बाई दोन कप्प्यांच्या मधल्या रेघेवर उभी असते.

आणि ही गोष्ट एका उताऱ्यापुरती राहिली नाही. आपल्या देशाच्या शिरगणतीत ती कोट्यवधींच्या आकड्यांनी घडली. तो प्रसंग जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

१९६१ च्या शिरगणतीत कामाविषयीचे प्रश्न एका विशिष्ट क्रमाने मांडले होते. ही व्यक्ती शेती करते काय? शेतमजुरी करते काय? घरगुती धंद्यात काम करते काय? याहून दुसरे काही काम करते काय? हे चारही प्रश्न संपल्यावरच शेवटी, ‘काम करीत नसल्यास काय करते?’ हंगामी कामाची अटही सैल होती. हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम असले तरी ती व्यक्ती कामकरी धरली जाई. म्हणजे प्रत्येक बाईपुढे आधी कामाची चार दारे उघडली जात. चारही बंद निघाली तरच ती ‘काम न करणारी’ ठरे.

१९७१ मध्ये हा क्रम बदलला. आता पहिलाच प्रश्न आला, ‘मुख्य कार्य कोणते?’ त्याच्या उत्तरात एका बाजूला कामकऱ्यांचे प्रकार, आणि दुसऱ्या बाजूला गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त वगैरे. आता आपल्याकडचे घर डोळ्यांपुढे आणावे. प्रगणक ओटीवर बसला आहे, घरचा कर्ता माहिती सांगतो आहे. ‘मंडळींचे मुख्य काम काय?’ ‘ती होय? ती घरीच असते.’ आत माजघरातून तीच बाई, ‘भाऊ, चहा घ्या हं,’ म्हणून कप पुढे करते. सकाळचे तीन तास मळ्यात घालवून ती नुकतीच आलेली असते. तिला स्वतःला विचारले असते तरी ‘मी काय, घरचंच करते,’ असेच ती म्हणाली असती. दुय्यम कामाचा प्रश्न पुढे होता. पण पहिल्या प्रश्नाने तिला एकदा काम न करणाऱ्यांत बसवले, ते बसवलेच.

परिणाम काय झाला? १९६१ मध्ये देशात कामकरी स्त्रिया सुमारे ५ कोटी ९० लाख होत्या. १९७१ मध्ये त्या सुमारे ३ कोटी १० लाख निघाल्या. शेकडा २८ वरून शेकडा १२. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी बायका हातपाय जोडून स्वस्थ बसल्या, असे कुणी मानले नाही. काही स्त्रियांचा रोजगार खरोखर गेला असेल, आणि १९६१ ची व्याख्या फार सैल होती असेही म्हणता येईल. परंतु या घसरणीचा मोठा भाग प्रश्नांच्या मांडणीचा होता, हे अभ्यासकांनी लवकरच ओळखले. १९८१ मध्ये क्रम पुन्हा फिरवला गेला. आता पहिला प्रश्न, ‘गेल्या वर्षात कधीही काही काम केले काय?’ मग, ‘वर्षातला बराच काळ केले काय?’ आणि मुख्य व सीमांत असे कामकऱ्यांचे दोन वर्ग. दोन्ही वर्ग धरून स्त्रियांचे प्रमाण शेकडा २० च्या जवळ आले. १९९१ मध्ये प्रश्नातच शब्द घातले गेले की शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनपगारी कामही यात धरावे. एवढे एक वाक्य प्रश्नात यायला स्वातंत्र्यानंतर चव्वेचाळीस वर्षे लागली.

विभागणीचे दुसरे अंग मर्यादेचे आहे, आणि त्याचे चांगले उदाहरण मुंबईतूनच मिळते. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी चालवत आली. पहिली १९९२-९३ मध्ये झाली, पाचवी २०१९-२१ मध्ये. अलीकडच्या फेऱ्यांत घराची, स्त्रीची आणि पुरुषाची प्रश्नावली निराळी असते. स्त्रीच्या प्रश्नावलीत आधी वय, शिक्षण, मुले. पुढे बाळंतपण, लसी, आहार. आणि घरातील मारहाणीविषयीचा विभाग बऱ्याच शेवटी. हा विभाग एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचा, एकांत असेल तरच विचारायचा, आणि मध्येच कुणी आले तर थांबायचे, असा नियम आहे. पाऊण तास बोलून झाल्यावर थोडा विश्वास बसलेला असतो, तेव्हा हे दार ठोठवायचे.  पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निराळा झाला. चौथी पाहणी जुन्या जिल्ह्यांच्या यादीवर झाली होती. पाचव्या पाहणीत पालघरचे आकडे प्रथम स्वतंत्र आले. पहिल्या पानावरचा ‘जिल्हा’ हा एक रकाना बदलला, आणि जव्हार-मोखाड्याचे कुपोषण ठाणे-कल्याणच्या सरासरीत मिसळायचे थांबले.

आता संगणकाकडे यावे. प्रश्नावली रचण्याची अनेक सॉफ्टवेअरे आज आहेत. अमेरिकेच्या शिरगणती खात्याचे सीएसप्रो, वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेले ओडीके, त्यावरच उभे राहिलेले कोबो टूलबॉक्स. ही गावातल्या एखाद्या मंडळालाही वापरता येतात. यांत प्रश्नांचे गट करता येतात. गटाला अट लावता येते: ‘शेती आहे’ असे उत्तर आले तरच शेतीचा गट उघडावा. घरात सहा माणसे असतील तर तोच गट सहा वेळा आपोआप पुढे येतो. कागदावर ‘नसल्यास प्रश्न २१ वर जा’ असा बाण असे, आणि घाईत अन्वेषक भलत्याच ठिकाणी जाई. यंत्र ती चूक होऊ देत नाही. वय ८ आणि मुले ३ असे लिहिले तर ते तिथल्या तिथे अडवू शकते. वेळ वाचतो आणि सांगणाऱ्याचा जीवही.

तरी एक गोष्ट विसरू नये. कागदावर गाळलेला विभाग डोळ्यांपुढे रिकामा दिसत असे. त्या रिकाम्या चौकटीकडे पाहून एखादा चौकस अन्वेषक विचारात पडे, आणि समासात दोन शब्द लिही. पडद्यावर गाळलेला विभाग दिसतच नाही. अट लिहिणारा जे विसरला ते सर्वांनीच विसरायचे, अशी ती व्यवस्था आहे.

याचे उदाहरण विरारकराला चटकन पटेल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे उपनगरी गाडी सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावाचे जीवन गाडीला बांधलेले आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. त्या शिरगणतीत कामावर जायचे अंतर किती आणि प्रवास कशाने, हा प्रश्न होता. पण त्याची उत्तरे आली ती ‘इतर कामकरी’ म्हणून नोंदलेल्यांची. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती धंद्यातली माणसे त्यात नव्हती. शेतकरी शेतावरच राहतो, असे गृहीत धरलेले. कचेरीत जाणारा कारकून गाडीत मोजला गेला. पण आपल्याच वाडीतली फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात नेणारी बाई शेतकरी म्हणून नोंदली गेली असेल, तर गाडीचा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. आणि ती गृहिणी म्हणून नोंदली गेली असेल, तर शेतीही नाही आणि गाडीही नाही. गाडीच्या डब्यात मात्र ती रोज होती, आणि डब्यातल्या सर्वांना ती दिसत होती.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. प्रश्नावली रचणाऱ्याने प्रत्येक अटीपाशी थांबून विचारावे की हे दार बंद केल्यावर बाहेर कोण उरते. विभाग पक्के करण्यापूर्वी चार घरांत जाऊन ते बोलून पाहावेत, आणि त्यांतली दोन घरे तरी अशी असावीत की जिथे माहिती माजघरातून येईल. आणि नमुना पाहणीतला तो शेवटचा, शेऱ्याचा कप्पा संगणकावरही राखावा. विचारणाऱ्याला जे दिसले आणि प्रश्नांत बसले नाही, ते लिहायला दोन ओळी मोकळ्या असाव्यात. मोठमोठ्या दुरुस्त्यांचा उगम पुष्कळदा अशाच दोन ओळींत असतो.

हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला. आधी घरांची यादी आणि मग माणसांची गणना, अशा दोन टप्प्यांची ही गणना कागद सोडून मोबाईलवर करण्याचे ठरले आहे. आणि घरच्या घरी स्वतः माहिती भरण्याची सोयही तीत आहे. म्हणजे प्रगणकाची भूमिका थोडीशी आपल्याकडेच येते. प्रश्नांचा क्रम ठरवणे आपल्या हाती नाही. पण उत्तर कुणाच्या तोंडून यावे हे ठरवणे आहे. फराळाची ताटे आवरून घरातली माणसे एकत्र बसतील तेव्हा एकदा घरच्या घरी विचारून पाहावे, की आपल्यापैकी कोण काय काम करते. पहिले उत्तर कर्त्याने देऊ नये. स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला बाहेर बोलावून आधी त्याला बोलू द्यावे.